भुसावळची खरडप्रतवाली लायब्ररी: दीड वर्षाचा हिशोब

पहिले पैशाचं सांगून टाकतो, कारण मी कुणालाही या लायब्ररीबद्दल सांगितलं की पहिला प्रश्न तोच येतो. डिपॉझिट ५०० रुपये, महिन्याला ६० रुपये, एका वेळी दोन पुस्तकं, मुदत २१ दिवस. खरडप्रत पाहिजे असेल तर महिन्याला २० रुपये जास्त. क्यूआर कोड आहे पण लायब्ररी चालवणाऱ्या आप्पांना रोख आवडतं, सुट्टे न्या. जामनेर रोडच्या आतल्या गल्लीत वरचा मजला, जिना अंधारा, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण बोर्डच नाहीये, आप्पांना गर्दी नको म्हणे. भुसावळात जो वाचतो त्याला विचारा, तो सांगेल.

आता खरडप्रत म्हणजे काय ते. आप्पा त्यांना आवडलेल्या कादंबरीच्या दोन प्रती घेतात. एक कोरी, ती नुसती वाचायला. दुसरीवर सभासदांनी पेन्सिलीने काय वाट्टेल ते लिहायचं, रेघा मारायच्या, भांडायचं, आधीच्या माणसाने लिहिलंय त्यालाही उत्तर द्यायचं. शाईचा पेन वापरला तर ५० रुपये दंड, अन् आप्पा तो खरंच घेतात, माझ्याकडून दोनदा घेतलाय. याची सुरुवात म्हणे एका सभासदाने पुस्तक खराब केलं म्हणून झाली, आप्पांनी त्याला दंड लावला अन् मग रात्री रागारागात ते पुस्तक चाळायला बसले तर पहाट झाली. सकाळी त्या माणसाचा दंड परत केला.

आप्पांची नोकरी रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये गेली, आर.एम.एस. मध्ये, रात्रभर पत्रं लावायची. त्यामुळे इथे पुस्तकं लेखकाच्या नावाने नाहीत की प्रकाशनाने नाहीत, गावाने लावलीत. वऱ्हाड, मराठवाडा, कोल्हापूर-सांगली, कोकण, मुंबई-पुणे, खानदेश. कादंबरी जिथे घडते तो तिचा कप्पा. दोन गावांत घडत असेल तर आप्पा विचारात पडतात अन् मग जिथे शेवट होतो तिथे टाकतात. मलकापूरचे एक गृहस्थ येतात, त्यांचं आप्पांशी दर महिन्याला ठरलेलं भांडण आहे की मलकापूर खानदेशला जवळ की वऱ्हाडला, त्यात चहा थंड होतो.

मी कोण अन् तिथे काय करतो तेही सांगतो नाहीतर रिव्ह्यूला अर्थ नाही. मी फैजपूरकडचा, दिवसा कृषी केंद्रात बसतो, ठिबकच्या नळ्या अन् औषधं विकतो, रात्री लिहितो. दिवाळी अंकांत चारेक कथा आल्यात. कादंबरी चालू आहे, बापाच्या केळीच्या बागेवर, चार वर्षं ११० पानांवर अडकून होती. मध्ये एका ऑनलाइन कोर्सला ४,९९९ रुपये घातले, नाव नको, तिथे सर म्हणायचे 'सांगू नका, दाखवा' अन् मग तीन तास नुसतं सांगत बसायचे, उदाहरणं सगळी इंग्रजी कादंबऱ्यांची. बागेत बसून बर्फाच्या वादळाचं वर्णन शिकलो मी. त्या पैशात इथली पाच वर्षांची फी निघते, हिशोब करून बघा.

तर इथे शिकवत कुणीच नाही. नुसती पुस्तकं आहेत, पण मराठीतली, अन् आधी वाचून गेलेल्या माणसांची अक्षरं.

पहिली खरडप्रत घेतली 'शाळा'ची. मिलिंद बोकिलांची, २००४ ची, दहा वेळा वाचलेली असेल तुम्ही, मीही वाचली होती, कॉलेजात, एका बैठकीत. आता परत वाचताना समासात हिरवी पेन्सिल दिसायला लागली. कुणीतरी एक सभासद आहे ज्याच्याकडे (की जिच्याकडे, माहीत नाही) हिरवी रंगीत पेन्सिल आहे अन् तो माणूस कौतुकाचं कधीच काही लिहीत नाही. बहुतेक ठिकाणी दोनच शब्द, 'इथे का?' म्हणजे ही गोष्ट याच जागी का आली, आधी का नाही, नंतर का नाही. पहिल्या दिवशी मला राग आला, म्हटलं कोण हा मास्तर. पण तिसऱ्या दिवशी मी स्वतः प्रत्येक पानावर तेच विचारायला लागलो.

'शाळा'मध्ये आणीबाणी आहे हे आपल्याला माहीत असतं, पण सांगणारा पोरगा नववीतला आहे, त्याचं लक्ष भलतीकडेच आहे, ते मोठ्या माणसांचं प्रकरण त्याच्या कडेकडेने जात राहतं. एका जागी दुसऱ्या कुणाचं साध्या पेन्सिलीतलं वाक्य होतं, 'याला कळलं नाही, आपल्याला कळलं.' हे वाचलं अन् माझ्या कादंबरीचा सगळा रोग दिसला भो. माझा सांगणारा पोरगा दहा वर्षांचा, अन् तो वाचकाला समजावून सांगतोय की केळीवरचा सीएमव्ही व्हायरस कसा पसरतो, पावसाळ्यात लावलेली मृगबाग अन् त्यानंतर लावलेली कांदेबाग यांच्या भावात फरक का पडतो, सावद्याहून दिल्लीला माल गेला नाही तर काय होतं. दहा वर्षांचं पोर! ते पोर नव्हतंच, कृषी केंद्रात बसलेला मी होतो. ते सगळं काढलं. आता त्या प्रकरणात पोराला एवढंच दिसतं की व्यापाऱ्याची गाडी बांधापर्यंत आली, माणूस खाली उतरला, दोन घड हाताने वळवून बघितले, परत गाडीत बसला. अन् आईने त्या दिवशी बापाला जेवायला बोलवलं नाही, ताट झाकून ठेवलं. अकरा पानांची दीड पानं झाली. माझ्या बायकोने वाचलं अन् विचारलं, 'त्यांनी माल का नाही घेतला?' मी म्हटलं तुला काय वाटतं, तर तिने बरोब्बर सांगितलं, अन् तिच्या माहेरी बाग नाहीये, कापूस आहे.

दुसरी गोष्ट काळाची. भालचंद्र नेमाड्यांची 'हिंदू' कादंबरी २०१० ला आली तेव्हा आमच्या भागात फार बोलबाला झाला होता, नेमाडे सांगवीचे, म्हणजे आमच्या यावल तालुक्यातलेच. मी तेव्हा शंभर पानं वाचून सोडली होती, खोटं कशाला बोलू. यावेळी खरडप्रत घेऊन पेन्सिलीने एक साधं काम केलं. कथेत 'आज' चालू असेल तिथे समासात उभी रेघ, आठवण असेल तिथे नागमोडी. मोहेंजोदडोला उत्खननावर असलेला खंडेराव, बाप आजारी असल्याची तार येते, तो मोरगावकडे निघतो, उभ्या रेघेत मुख्य असं एवढंच. बाकी एवढं जाडजूड पुस्तक नागमोडी. आधी मला वाटायचं पसारा आहे. रेघा मारल्यावर दिसलं की तो पसारा एका बारीक खुंटीवर टांगलाय अन् ती खुंटी पक्की आहे, बाप मरायला टेकलाय, घरी पोचायचंय. तेवढं डोक्यात असलं की वाचणारा कुठेही फिरून यायला तयार होतो.

मग घरी येऊन स्वतःच्या ११० पानांवर त्याच रेघा मारल्या. खुंटीच नव्हती. दर प्रकरणात माणूस ओट्यावर बसतो अन् 'त्याला आठवलं'. मोजलं, ६३ वेळा 'त्याला आठवलं' लिहिलं होतं. बरं, ओट्यावर तो कशासाठी बसलाय तर आठवण्यासाठीच, दुसरं काम नाही त्याला. आता त्याला बँकेची नोटीस आलीय अन् सोमवारच्या आत जायचंय असं केलंय. जमलंय का माहीत नाही, पण निदान तो उठून उभा राहिला.

नेमाड्यांच्याच 'कोसला'ची खरडप्रत पण आहे, पण आप्पा ती चालू लिहिणाऱ्या माणसाला देत नाहीत! खरंच नाही देत. म्हणतात, 'आधी तुमचं पुरं करा भाऊ, मग न्या.' १९६३ पासून आमच्याकडच्या लिहिणाऱ्या पोराला तो ताप एकदा येतोच, गोवरासारखा, दर वाक्यात उदाहरणार्थ अन् दर वाक्याच्या शेवटी वगैरे. मलाही येऊन गेलाय, जुन्या वह्या आहेत, दाखवणार नाही.

आता सगळ्यात जास्त जिथे फायदा झाला ते, बोली. यावर जरा लांब लिहितो कारण आपल्याकडच्या लिहिणाऱ्यांचं घोडं इथेच अडतं. आमच्या घरात लेवा बोली, 'ळ' चा 'य' अन् 'ण' चा 'न', म्हणजे केळी नाही केयी, डोळा नाही डोया, कोणी नाही कोनी. शाळेत मास्तरांनी मारून मारून 'ळ' शिकवला. मग लिहायला बसलो की प्रश्न, बाप काय बोलणार? पहिल्या खर्ड्यात मी बापाला बोलीत बोलवलं अन् दर शब्दापुढे कंसात प्रमाण मराठीत अर्थ दिला, औषधाच्या बाटलीवर असतो तसा. दुसऱ्या खर्ड्यात घाबरून सगळं पुस्तकी केलं, मग बाप पुण्याचा वाटायला लागला.

आप्पांनी वऱ्हाडच्या कप्प्यातून 'बारोमास' काढून दिली. सदानंद देशमुखांची, २००२ ची, साहित्य अकादमी २००४ चं. शेतकरी घर, शिकून घरी बसलेला पोरगा, संवाद वऱ्हाडी. बुलढाणा जिल्हा म्हणजे आमच्या शेजारचाच, तरी कितीतरी शब्द मला नवे होते. तर मी काय केलं, जो शब्द कळला नाही त्याच्याखाली रेघ मारली अन् पुढे वाचत गेलो, कुणाला विचारलं नाही. दोन-चार ओळी पुढे गेलं की बहुतेक वेळा कळून जायचं, माणूस त्या वस्तूचं काहीतरी करतो, नाहीतर समोरचा असं उत्तर देतो की अर्थ उघडा पडतो. अन् जे तरी कळले नाहीत त्यांनी काही अडलं पण नाही. हिरव्या पेन्सिलवाल्याने एका पानावर नेहमीच्या 'इथे का?' च्या ऐवजी लिहिलं होतं, 'हा घरात असा बोलतो, बाहेर कसा बोलेल?' बस. त्या एका प्रश्नावर मी तीन आठवडे काम केलंय.

कारण माझा बाप खरंच दोन भाषा बोलायचा! घरी 'केयी कापाले कोनीच नही आलं' अन् बँकेत टोपी हातात घेऊन 'साहेब, केळीचं बिल अजून आलेलं नाही'. तो 'ळ' त्याच्या तोंडातून असा निघायचा जसं काही नवा बूट घातलाय अन् चावतोय. मी लहानपणी शेजारी उभा असायचो, मला लाज वाटायची, कशाची ते कळायचं नाही. हे मला माहीत होतं, आयुष्यभर माहीत होतं, अन् कादंबरीत कुठेच नव्हतं, कारण मी बोली म्हणजे रंग समजत होतो, भिंतीला मारायचा, गावाकडचं दिसावं म्हणून. आता बँकेच्या प्रकरणात बाप भीतीने 'केळी' म्हणतो, अन् मॅनेजर जरा बरा वागला की शेवटच्या वाक्यात चुकून 'केयी' निघून जातं. तिथे मी एक शब्द समजावून सांगितलेला नाही. ज्याला कळेल त्याला कळेल.

आणखी एक सवय लागली, दोन पानं हाताने उतरवायची. आप्पांकडे शंभर पानी वह्या विकायला पण असतात, ३५ रुपये, कागद पातळ आहे, घेऊ नका, बाहेरून घ्या. टाईप करण्यात ती मजा नाही, हाताने उतरवलं की वाक्य कुठे थांबतं ते मनगटाला कळतं. मला जे दिसलं ते म्हणजे मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे भूतकाळात लिहिलं की दर वाक्य होता-होती-होतं वर आपटतं. माझ्या एका पानावर १४ 'होता' निघाले, वाचताना रूळावरून मालगाडी गेल्यासारखं, खडखड खडखड. चांगलं लिहिणारे काय करतात ते उतरवताना सापडतं, कुठे क्रियापद खाऊन टाकतात, कुठे मध्येच वर्तमानकाळात येतात, येतो, बसतो, तंबाखू मळतो, अन् कुठे एक 'होता' मुद्दाम एकटा ठेवतात, मग तो वाजतो. हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'ला २०२३ चं साहित्य अकादमी मिळालं तेव्हापासून तिच्या खरडप्रतीसाठी रांग आहे, माझा नंबर सातवा, कोरी वाचून झालीय, त्यावर नंतर कधी.

आता तक्रारी, अन् त्या बऱ्याच आहेत.

पहिली, खरडप्रतीत लोक शेवट फोडतात. एका कादंबरीत १२ व्या पानावर कुणीतरी लिहिलेलं, 'हा मरतो'. अरे काय! म्हणून पहिले कोरी वाचा, मग खरडप्रत, उलटं करू नका. दुसरी, बरेच सभासद नुसती सुविचार टाईप वाक्यं अधोरेखित करतात, व्हॉट्सअ‍ॅपला टाकायला, त्याचा लिहिणाऱ्याला शून्य उपयोग. मी उलट बघतो, ज्या पानावर एकही रेघ नाही तिथे लेखकाने काय केलं असेल, कारण तिथे लोक पेन्सिल विसरून वाचत गेलेत. तिसरी, बायकांनी लिहिलेल्या कादंबऱ्या फारच कमी, एक कप्पा पण भरत नाही, मी अन् एका मॅडमनी मिळून यादी दिली त्याला आठ महिने झाले, आप्पा म्हणतात बघतो. शहरी कादंबऱ्या सगळ्यात खालच्या कप्प्यात फिल्टरच्या शेजारी, दोन-तीन तर ओल्या होऊन फुगल्यात, हे मला बरोबर नाही वाटत. आप्पांना गाव आवडतं म्हणून मुंबईने पाण्यात बसायचं का?

चौथी, उन्हाळा. मे मध्ये भुसावळचं ४५ डिग्री काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. वरती पत्रा आहे, कूलर आहे पण तो आवाज जास्त करतो अन् हवा कमी. मे-जूनमध्ये सकाळी नऊ ते अकरा जा, पुस्तक उचला अन् निघा, बसायच्या भानगडीत पडू नका. पाचवी तक्रार खुद्द आप्पा. पुस्तक तीन दिवसांत परत केलं की ते रजिस्टर बाजूला ठेवून विचारतात, 'काय भाऊ, वाचलं का नुसतं फिरवून आणलं पुस्तकाले?' अन् मग एक प्रश्न. मला एकदा विचारलं की नायकाची आई पहिल्यांदा कुठल्या प्रकरणात बोलते. मला सांगता येईना. परत घेऊन गेलो. काही लोकांना हे अपमानाचं वाटतं, दोघं-तिघं सोडूनही गेलेत, मला चालतं.

शेवटचं, गेल्या दिवाळीनंतर आप्पांनी नवीनच काढलंय, सभासद स्वतःचा खर्डा स्पायरल करून आणून ठेवू शकतो, खरडप्रत म्हणून. नाव लिहायचं नाही, नुसता गाव. मी माझी पहिली ६० पानं ठेवली, 'फैजपूर' लिहून, खानदेशच्या कप्प्यात. दोन महिने कुणी उचलली नाही. दर वेळी गेलो की तिरक्या डोळ्याने बघायचो, तिथेच. मग एका रविवारी नव्हती. चार दिवसांनी परत आली, मी आप्पांसमोर काही दाखवलं नाही, जिन्यात येऊन उघडली.

हिरवी पेन्सिल होती. पहिल्या ३७ पानांत एकवीस वेळा 'इथे का?'. दोन ठिकाणी तर मला माहीत होतं की येणार, तरी ठेवलं होतं. एका जागी 'बाप चहा पितो, परत चहा पितो, परत चहा'. बँकेचं प्रकरण ३८ व्या पानापासून सुरू होतं. तिथून शेवटपर्यंत एकही खूण नाही, टिंबसुद्धा नाही.

आता यातून काय समजायचं ते मला कळेना. पेन्सिल विसरून वाचत गेला, की कंटाळून ठेवून दिलं? आप्पांना विचारलं की कोण आहे हा सभासद, तर म्हणे पत्र कुणी कुणाला लिहिलं ते सॉर्टर बघत नसतो. मी ते ३८ व्या पानानंतरचं सगळं परत उतरवायला घेतलंय, हाताने, सध्या ४४ वर आहे.

गुरुवारी बंद असते. पाचपैकी चार स्टार, एक कूलरचा कापला.